बीबीसी मायक्रोवर मोड २ लावला की मेमरी का संपते?

बीबीसी मायक्रो हा १९८०च्या दशकातला शाळांमधला संगणक, आणि मोड म्हणजे त्याच्या पडद्यावर चित्र दाखवायची पद्धत. गावच्या शाळेतल्या अशा जुन्या मशीनवर वावराचा नकाशा मोड २ मध्ये काढताना तुम्हाला जागा पुरत नाही, कारण हिशेबच तसा आहे. एकूण रॅम ३२ केबी (एक केबी म्हणजे १०२४ बाइट). त्यातली २० केबी एकटा मोड २ चा पडदा खातो. फ्लॉपी जोडलेली असेल तर खालची ६४०० बाइट सिस्टीमकडे जातात. तुमच्या प्रोग्रामला उरतात फक्त ५८८८.

मोड ५ घ्या. रिझोल्यूशन तेच, १६० बाय २५६, पण पडद्याला १० केबीच लागतात आणि तुमच्या हाती १६१२८ बाइट येतात. रंग मात्र चारच. पण वावराला किती लागतात? पऱ्हाटी, तूर, धुरा आणि मोकळी जमीन, झाले चार! सुरुवातीला काळा, लाल, पिवळा, पांढरा असे मिळतात. त्यातला लाल 'व्हीडीयू १९,१,२,०,०,०' (VDU 19,1,2,0,0,0) ही बेसिकमधली आज्ञा लिहून हिरवा करा. मला ही सोय फार आवडते, कारण आधी काढलेलं चित्रही क्षणात रंग बदलतं.

लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, ए% ते झेड% (A% ते Z%) हीच पूर्णांकांची चलं वापरा, वेग लगेच जाणवेल. आणि थोड्या थोड्या वेळाने सेव्ह करत जा. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, अन् लाइन गेली की रॅममधलं सगळं जातं.