काजू युनिटचा प्रकल्प अहवाल तयार झाला, आता पुढचा आराखडा कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: मुंबईची नोकरी सोडून सावंतवाडीजवळ गावी काजू प्रक्रिया युनिट टाकायचं आहे. सीएकडून 25 लाखांचा प्रकल्प अहवाल करून घेतला, बँक तत्त्वतः तयार आहे. अहवालात शेड आणि मशिनरीला 19 लाख, खेळत्या भांडवलाला 6 लाख, वर्षाला 300 दिवस काम, रोज 100 किलो बी आणि 28 टक्के उतारा (बीच्या वजनातून निघणारा गर) धरलाय. आता हे प्रत्यक्षात कसं उतरवायचं?

मी याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्याकडे बँकेसाठीचा कागद तयार आहे. धंद्याचा आराखडा मात्र अजून व्हायचा आहे. अहवालातला मशिनरीचा भाग ठीक वाटतो. बॉयलर, कटिंग, ड्रायर, पिलिंग, ग्रेडिंग, व्हॅक्युम पॅकिंग या साखळीत फार चुकण्यासारखं काही नसतं, आणि कोटेशनं तुम्ही तीन ठिकाणांहून घेतलीच आहेत. माझं सगळं लक्ष खेळत्या भांडवलाच्या त्या 6 लाखांवर गेलं. काजूचं युनिट बंद पडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

कारण साधं आहे. कोकणात बी येते मार्च ते मे. पहिला पाऊस पडला की उरलेली बी भिजते, काळी पडते, आतला गर डागाळतो. म्हणजे वर्षभर चालवायची बी तीन महिन्यांत विकत घेऊन, वाळवून, पोत्यांत भरून ठेवायची. रोज 100 किलो आणि 250 दिवस धरले तरी 25 टन वाळलेली बी लागते. (300 दिवस विसरा. लावणीच्या दिवसांत बाया शेतावर असतात, गणपतीत आठ-दहा दिवस युनिट उघडतच नाही, शिमग्यातही तेच.) ताजी बी वाळवून ओलावा 8-9 टक्क्यांवर आणावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. या वाळवण्यात वजन घटतं. 100 किलो वाळलेल्या बीसाठी साधारण 108 किलो खरेदी धरा. दर हिशेबापुरता 120 रुपये किलो घेऊ, तुम्ही तुमच्या बाजारातला घाला. वर्षाची खरेदी होते 32 लाख 40 हजार रुपये, आणि हा पैसा मेअखेर बाहेर गेलेला असतो.

तुमच्या 6 लाखांत 5 टन बी येते. दीड महिन्याचं काम. मग जुलैपासून नवीन मशीन रिकामं आणि हप्ता चालू.

बँक आणखी देईल का, हा पुढचा प्रश्न. लहान उद्योगांना खेळतं भांडवल देताना बँका बहुधा नायक समितीची पद्धत लावतात, म्हणजे अंदाजित वार्षिक उलाढालीच्या 20 टक्के. तुमची उलाढाल खाली काढली आहे, ती सुमारे 44 लाख येते. त्याचे 20 टक्के म्हणजे 8 लाख 80 हजार. ही पद्धत वर्षभर थोडा थोडा कच्चा माल घेणाऱ्या धंद्याला बरोबर बसते. तीन महिन्यांत सगळी खरेदी उरकणाऱ्या धंद्याला ती पुरत नाही. म्हणून शाखाधिकाऱ्यासमोर बसताना महिनावार रोखीचं पत्रक घेऊन बसा आणि कर्जाची हंगामी मर्यादा मागा: मार्च ते मे वाढीव, नंतर विक्रीप्रमाणे उतरती. तोंडी सांगून हे होत नाही. बारा रकाने, प्रत्येक महिन्यात किती बी येणार, किती गर विकला जाणार, पैसे हातात कधी पडणार, हप्ता आणि पगार किती, आणि महिनाअखेर शिल्लक किती. मे महिन्याच्या रकान्यातली उणे रक्कम हीच तुमची खरी गरज. ती आकड्यात दिसली की बँकेशी बोलणं सोपं होतं.

आता नफ्याकडे या. 100 किलो वाळलेल्या बीचा हिशेब मांडतो. 28 टक्के उतारा चांगल्या बागेतल्या निवडक, पोसलेल्या बीला मिळू शकतो. पाच गावांतून गोळा केलेल्या मिश्र बीला 25 टक्के धरा. म्हणजे 25 किलो गर. त्यातला 17 किलो अख्खा निघाला आणि घाऊकात सरासरी 750 रुपयांनी गेला तर 12,750. उरलेला 8 किलो पाकळी आणि तुकडा 600 ने, 4,800. एकूण 17,550. खरेदी 12,960. कटिंग, पिलिंग, ग्रेडिंगची मजुरी 2,500. वीज, जळण, पिशव्या, वाहतूक 800. हातात राहिले 1,290 रुपये. 250 दिवसांचे झाले 3 लाख 22 हजार. वरच्या खरेदीतले सरासरी 16 लाख वर्षभर अडकले असं धरलं, तर 11 टक्क्यांनी व्याज जातं पावणेदोन लाखांपुढे. उरले दीड लाखाच्या आत. यातून मशिनरीच्या कर्जाचा हप्ता, दुरुस्ती आणि तुमचं घर.

हे वाचून घाबरू नका, पण हा कागद घरातल्या सगळ्यांना दाखवा. मुंबईची नोकरी सोडून येताय, तेव्हा घरच्यांनाही हा आकडा माहीत असायला हवा.

याच कागदावर पुढची गंमत दिसते. उतारा 25 चा 26 झाला तर रोज एक किलो गर जास्त, सरासरी 700 रुपये. वर्षाला पावणेदोन लाख, म्हणजे व्याज निघून जातं. उलट खरेदी किलोला 10 रुपयांनी महाग पडली तर वर्षाला 2 लाख 70 हजार गेले, व्याजाआधीचा जवळजवळ सगळा नफा संपला. तेव्हा हा धंदा खरेदीच्या काट्यावर ठरतो. मशीन कुठल्या कंपनीचं यावर फार कमी ठरतं.

म्हणून तुमच्या आराखड्यात सर्वांत जास्त पानं खरेदीवर हवीत. कुठल्या वाड्यांमधून घेणार, त्या बागांमध्ये वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 सारखी कलमं किती आणि जुनी गावठी झाडं किती, हे आत्ताच फिरून लिहून काढा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून निघालेल्या या जातींची बी मोठी असते, त्यामुळे मोठ्या ग्रेडचा गर जास्त निघतो. गावठी बी बारीक असली तरी चव चांगली असते आणि घरगुती गिऱ्हाईक ती मागतंही, फक्त तिचा दर आणि उतारा वेगळा मांडा. प्रत्येक ढिगातली मूठभर बी जागेवर कापून बघायची सवय लावा: किती पोसलेली, किती पोकळ, किती डागी. एक किलोत किती दाणे बसतात तेही मोजा. प्रत्येक पोत्यावर गाव, तारीख आणि बी कापून बघितल्याचा निकाल लिहिलेली चिठ्ठी असली, की पुढच्या हंगामात कोणाला दोन रुपये जास्त द्यायचे आणि कोणाला नाही म्हणायचं ते वहीच सांगते. शेतकऱ्याला रोख आणि काट्याचा विश्वास या दोन गोष्टी दिल्यात तर चांगली बी तुमच्या दारात येते. हे मी फार मनापासून सांगतोय, कारण गावात राहून धंदा करायचा तर हीच मोठी कमाई आहे.

दराबद्दल एक लक्षात ठेवा. काजूचा दर कोकणात ठरत नाही. आयव्हरी कोस्ट, टांझानिया इथून कच्ची बी आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर येते आणि गराच्या निर्यातीत व्हिएतनाम आपल्या पुढे आहे. तिकडे पीक भरपूर आलं की इथल्या गराचा भाव खाली येतो, तुम्ही मात्र महाग बी घेऊन बसलेले असता. म्हणून खरेदीआधीच, शांत डोक्याने, एक आकडा लिहून ठेवा: अमुक दराच्या वर मी स्वतःची खरेदी थांबवणार. हंगामात शेजारचा व्यापारी धडाधड उचलत असतो तेव्हा हा आकडा सुचत नाही.

आणि थांबल्यावर मशीन काय करणार? जॉबवर्क. बागायतदार आणि व्यापारी स्वतःची बी आणून देतात, तुम्ही किलोमागे ठरलेली मजुरी घेऊन गर काढून देता. नफा कमी, पण भांडवल अडकत नाही आणि दराची जोखीम त्यांची. माझा तुम्हाला स्पष्ट सल्ला आहे की पहिल्या वर्षी स्वतःची खरेदी 10 टन वाळलेल्या बीपुरती ठेवा. वरच्याच दराने ती सुमारे 13 लाखांत बसते. बाकीचे दिवस जॉबवर्कवर काढा. तेवढ्यात कटिंगच्या बाया तयार होतील, अख्ख्या गराचं प्रमाण सुधारेल. नवीन हातांनी पहिले दोन-तीन महिने तुकडा जास्त निघतो, आणि तो दुसऱ्याच्या बीतही निघू द्यायचा नसतो. म्हणून सुरुवात स्वतःच्या बीवर करा, हात बसल्यावर जॉबवर्क घ्या. टरफलातलं तेल हाताची कातडी जाळतं. हातमोजे आणि हाताला लावायचं तेल हा खर्च मजुरीच्या शेजारी पहिल्या दिवसापासून मांडा. बाया टिकल्या तर युनिट टिकतं.

विक्रीचं तुमच्या अहवालात एकच वाक्य आहे, की काजूला मागणी भरपूर आहे. मागणी आहेच, पण कोण, कोणत्या दराने आणि किती दिवसांनी पैसे देणार ते लिहा. वाशीच्या व्यापाऱ्याकडे माल एकदम जातो, पण उधारी महिना-दीड महिना राहते. उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंद असली की खरेदीदाराला लेखी करार असेल तरी 45 दिवसांच्या आत पैसे देणं कायद्याने बंधनकारक होतं, आणि आता त्याने वेळेत दिले नाहीत आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही बाकी ठेवले, तर आयकरात त्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. भांडण न करता आठवण राहते.

दुसरा मार्ग थेट विक्रीचा. तुमच्या मुंबईच्या ओळखी ही इथे खरी ठेव आहे. समजा वर्षाला 1,000 किलो अख्खा गर तुम्ही 950 ने थेट गिऱ्हाइकाला दिलात, तर घाऊकापेक्षा 200 रुपये जास्त. पाकीट, कुरिअर, थोडी सूट असे 60 वजा केले तरी 1 लाख 40 हजार वाढले. पूर्ण क्षमतेच्या वर्षात व्याज जाऊन राहणारी रक्कम जवळजवळ दुप्पट झाली. सोसायट्या, ऑफिसातले गट, गोव्याच्या वाटेवरची दुकानं, दिवाळीच्या भेटी. दिवाळीच्या ऑर्डर ऑगस्टमध्येच मागायला लागा. खाद्य परवाना आणि पाकिटावरचा मजकूर त्याआधी पूर्ण हवा.

दोन गोष्टी रोखीच्या पत्रकात हमखास सुटतात. पहिली जीएसटी. तुमची नोंदणी असेल तर शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या बीवरचा 5 टक्के कर तुम्हालाच भरावा लागतो, आणि तो रोखीनेच. पुढे गराच्या विक्रीवरच्या करातून त्याची वजावट मिळते, पण विक्री वर्षभर पसरलेली असते. 13 लाखांच्या खरेदीवर 65 हजार रुपये उन्हाळ्यातच सरकारकडे जातात. दुसरी अनुदान. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, हे खरं आहे. पण ती रक्कम बँकेत तुमच्या कर्जाशी बांधून ठेवली जाते आणि 3 वर्षं युनिट नीट चाललं, हप्ते नियमित गेले की मग कर्जात वळती होते. त्या पैशाने बी घेता येत नाही. पत्रकात ती रक्कम दाखवू नका.

वेळापत्रक मागून पुढे लावा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात खरेदी सुरू व्हायची तर फेब्रुवारीत थोड्या जुन्या बीवर चाचणी झालेली हवी, जानेवारीत मशीन बसलेलं हवं, वाढीव विजेची जोडणी त्याआधी, आणि कर्जाचं वाटप दिवाळीच्या आसपास. वीज जोडणीला सर्वांत आधी अर्ज करा, तिथे वेळ जातो. कर्ज मे-जूनमध्ये हातात पडणार असेल तर सरळ बँकेला सांगा की वाटप लांबवा. हंगाम चुकल्यावर आलेलं मशीन पुढच्या मार्चपर्यंत फक्त व्याज खातं. हप्त्याची सवलत मुदतही त्या हिशेबाने मागा, पहिला गर विकून पैसे येईपर्यंतची.

युनिट सुरू झाल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तासभर बसून चार आकडे आराखड्याशी ताडून बघा: खरेदीचा सरासरी दर, उतारा, अख्ख्या गराचं प्रमाण, आणि येणं बाकी किती दिवसांचं. उतारा लागोपाठ दोन महिने 24 च्या खाली गेला तर पोत्यांवरच्या चिठ्ठ्या काढा, बी कुठली ते सापडेल. बी चांगली असूनही तुकडा वाढला तर उकडण्याची वेळ, नंतर गार होऊ देण्याचा अवधी आणि ड्रायरचं तापमान तपासा. येणं बाकी 45 दिवसांपुढे गेलं तर त्या व्यापाऱ्याचा पुढचा माल थांबवा, तो कितीही जुना ओळखीचा असला तरी.

तुमच्या भागातला सध्याचा बीचा दर, तुमच्याकडे स्वतःची रोख किती आणि शेडमध्ये किती पोती कोरडी राहू शकतात, एवढं इथे कळवलंत तर महिनावार पत्रक आपण मिळून मांडू. बँकेत पुढच्या भेटीला जाण्याआधी ते हातात असायला हवं.