शेफिल्डला नवीन आलायस? मग हे वाच

रूम बघताना नुसतं भाडं बघू नकोस, चढ बघ, मॅपवर दहा मिनिटं दिसणारा रस्ता सामान घेऊन चढताना घाम काढतो. पण याच टेकड्यांवरून येणाऱ्या पाण्यावर इथली चाकू-सुऱ्यांना धार लावायची चाकं फिरायची, ॲबीडेल हॅम्लेट म्हणून जुन्या कारखान्याचं म्युझियम आहे, तिथे बघायला मिळतं ते सगळं. कारागीर बैठकीच्या दोन्हीकडे पाय टाकून धारेच्या फिरत्या दगडावर वाकून बसायचे, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन तरुणपणीच खलास व्हायचे बिचारे. केलम आयलंड म्युझियमला मात्र रिव्हर डॉन नावाचं वाफेचं इंजिन चालू असेल त्याच दिवशी जा, १९०५ चं, १२,००० हॉर्सपॉवरचं धूड, बंद बघण्यात काय मजा? आणि हो, चिप्स घेताना कशात तळल्यात ते आधी विचार, यॉर्कशायरमध्ये बीफच्या चरबीत तळणारे बरेच आहेत, हेंडरसन्स रेलिश हा इथला सॉस मात्र व्हेज आहे, बिनधास्त ओत.