'मुत्सद्दी टोला' असं काही नसतं

प्रश्न असा आलाय: एका देशाचा नेता दुसऱ्या देशाच्या प्रमुखाला भर सभेत घालूनपाडून बोलतो, बातमीत त्याला 'मुत्सद्दी टोला' म्हणतात आणि दोन दिवसांनी तेच लोक 'दोन्ही देशांचे मुत्सद्दी संबंध तुटले' असं लिहितात, तर हे दोन्ही वापर बरोबर आहेत का, मुत्सद्दी हा शब्द मुळात कुठला आणि अशा अपमानाने देशादेशांतल्या संबंधांवर खरंच परिणाम होतो का?

पहिला वापर साफ चूक. रोज ऐकतो आणि रोज डोकं फिरतं. टोला हाणणारा फार तर फर्डा वक्ता असेल, मुत्सद्दी नव्हे. त्याने जे बोलून ठेवलंय ते नंतर गुपचूप निस्तरतो तो मुत्सद्दी, आणि त्याचं नाव बातमीत कधी येत नाही.

धूर्त, धोरणी, राजकारणात मुरलेला हे अर्थ सगळ्यांना माहीत आहेत, त्यात वेळ घालवत नाही. खरी मजा मुळात आहे. अरबीत 'तसद्दा' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे तोंड करणं, तिला सामोरं जाणं, काम अंगावर घेणं. त्यावरून 'मुतसद्दी', काम अंगावर घेणारा. फारसीतून तो मुघल कारभारात आला आणि तिथे त्याचा अर्थ झाला कारकून, हिशेबनीस, अंमलदार. सुरतेच्या बंदराचा कारभार बघणाऱ्या मुघल अधिकाऱ्याला मुत्सद्दीच म्हणत. हिंदीच्या कोशात आजही मुंशी, कारकून हाच अर्थ सापडतो. आणि आपल्या मराठीत बघा, तोच कारकून थेट राजकारणधुरंधर होऊन बसला! केवढी बढती आहे ही.

ही बढती का मिळाली याचं माझं एक मत आहे, पुराव्याचा कागद दाखवता येणार नाही पण माझी त्यावर श्रद्धा आहे. मराठी राज्यकारभार चालायचा पत्रांवर आणि पत्रात सगळ्यात नाजूक जागा कुठली, तर मायना. कोणाला नुसतं 'राजश्री' लिहायचं, कोणाला 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' लिहायचं, वरच्याला 'विज्ञापना', बरोबरीच्याला 'विनंती', खालच्याला 'आज्ञा', हे सगळं ठरलेलं. यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला की समोरच्या दरबाराला आपला उपमर्द झाला असं वाटणार. म्हणजे समोरच्याचा मान किती आणि कसा राखायचा हे प्रत्यक्षात कोणाच्या बोरूत होतं? लिहिणाऱ्याच्या. माझं म्हणणं असं की मराठीने कारकुनाला मुत्सद्दी केलं ते या मायन्याच्या जोरावर. (मायना हा शब्दसुद्धा अरबी 'माना' म्हणजे अर्थ यावरून आलेला, मजकुराच्या आधी येणारा 'अर्थ'!)

आणि हे जुन्या काळापुरतं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान जाहीरपणे म्हणाले की फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी डोक्यावर उपचार करून घ्यावेत. फ्रान्सने लगेच आपला राजदूत सल्लामसलतीसाठी परत बोलावला. पुढे जानेवारी 2021 मध्ये दोघांची पत्रापत्री झाली आणि तुर्कस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पत्रकारांना मुद्दाम काय सांगितलं, तर मॅक्रॉन यांनी पत्राची सुरुवात स्वतःच्या हाताने, तुर्की भाषेत, 'प्रिय तय्यिप' अशी केलीय. म्हणजे मजकूर राहिला बाजूला, बातमी झाली मायन्याची. हे ज्याला सुचलं तो मुत्सद्दी, मग तो स्वतः अध्यक्ष असो की त्याचा कोणी कारकून.

शुद्धिवाद्यांचं म्हणणं आहे की मुत्सद्दी परका शब्द आहे, टाकून द्या आणि 'राजनयज्ञ' म्हणा. मला हे अजिबात मान्य नाही. राजनयज्ञ म्हणजे राजनय (डिप्लोमसी) जाणणारा, नुसता जाणणारा. मुत्सद्दी म्हणजे अंगावर घेणारा. जाणकार गल्लोगल्ली भेटतात.

आता अपमानाने संबंधांवर परिणाम होतो का याबद्दल. 'शब्दच आहेत, चार दिवसांत विसरतात, शेवटी व्यापार बोलतो' असं म्हणणारे स्वतःला फार व्यवहारी समजतात, आणि त्यांच्या पाठीशी खुद्द कौटिल्य उभा आहे. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजाची व्यसनं सांगितलीत, त्यात रागातून येणारी तीन: वाक्पारुष्य (टाकून बोलणं), अर्थदूषण (दुसऱ्याचं धन बुडवणं किंवा हिरावणं), दंडपारुष्य (कठोर शिक्षा). विशालाक्ष हा कौटिल्याच्या आधीचा आचार्य म्हणतो वाक्पारुष्य हे अर्थदूषणाहून वाईट, कारण तेजस्वी माणसाला टाकून बोललं की तो तसाच उलटतो, काळजात रुतलेलं दुरुक्तशल्य, म्हणजे वाईट बोलाचा काटा, त्याला पेटवतं. कौटिल्य म्हणतो छे, धन देऊन सत्कार केला की ते शल्य निघतं, पण पोटावर पाय आला तर उपाय नाही.

कौटिल्यासमोर हात जोडून सांगतो, इथे विशालाक्ष बरोबर आहे. ऑगस्ट 2019, ॲमेझॉनचं जंगल जळत होतं, जी-7 देशांनी 2 कोटी डॉलरची मदत देऊ केली. ब्राझीलचे अध्यक्ष बोल्सोनारो म्हणाले, मॅक्रॉन मला खोटारडा म्हणाले ते आधी मागे घ्या, मग बोलू. (त्याआधी मॅक्रॉन यांच्या पत्नीची टिंगल करणाऱ्या कॉमेंटला बोल्सोनारोंनीच दाद दिली होती ते वेगळं.) धन समोर ठेवलेलं होतं, शल्य निघालं का?

कौटिल्यवाले मालदीवकडे बोट दाखवतील. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या तीन उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल वाटेल ते लिहिलं, तिघांना निलंबित केलं, मालदीवच्या उच्चायुक्तांना दिल्लीत बोलावून घेतलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत आले तेव्हा भारताने 40 कोटी डॉलर आणि 3000 कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय करून दिली. झाला की सत्कार, निघालं शल्य! पण मधल्या काळाचं काय? 2023 मध्ये 2 लाखांच्या वर भारतीय पर्यटक तिथे गेले होते, देशवार यादीत भारत पहिला होता, 2024 मध्ये तो आकडा 1 लाख 30 हजारांच्या आसपास आला. संबंध आधीपासून ताणलेले होते हे खरं, पण बहिष्काराची हाक उठली ती त्या पोस्टवरून, आणि त्याचा फटका बसला तो हॉटेलात, बोटीवर, विमानतळावर काम करणाऱ्यांना ज्यांनी कोणाला काही म्हटलंच नव्हतं. कौटिल्य दुरुक्त आणि पोटावर पाय या दोन वेगळ्या गोष्टी धरतो आणि तिथेच माझं त्याच्याशी जमत नाही, राज्याच्या तोंडून निघालेलं दुरुक्त शेवटी कोणाच्या तरी पोटावरच जातं.

राहिलं 'संबंध तुटले'. आधी 'मुत्सद्दी संबंध' नको, मराठीत 'राजनैतिक संबंध' रुळलंय, 'राजनयिक' जास्त नेमकं, दोन्ही चालतील. पण 'तुटले' हा शब्द जपून वापरा हो. पायऱ्या आहेत त्याला: राजदूताला बोलावून निषेध नोंदवणं, आपला राजदूत सल्लामसलतीसाठी परत आणणं, त्यांचा अधिकारी 'अवांछित' ठरवून घालवणं (राजनयिक संबंधांबद्दलच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराचं नववं कलम, कारणसुद्धा द्यावं लागत नाही), आणि अगदी शेवटी संबंध तोडणं, ज्याची तरतूद त्याच कराराच्या पंचेचाळिसाव्या कलमात आहे. मे 2024 मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष मिलेई माद्रिदमध्ये जाऊन स्पेनच्या पंतप्रधानांच्या पत्नीला भ्रष्ट म्हणाले, स्पेनने ब्युनोस आयरेसमधला राजदूत कायमचा काढून घेतला, तरी संबंध तुटले नव्हते, वकिलात उघडी होती, प्रभारी अधिकारी काम बघत होता आणि काही महिन्यांनी नवा राजदूत नेमलाही गेला.