फोटोग्राफी या कलेतून लोकांना खरे तर काय हवे असते?

आपण विचारले आहे की फोटोग्राफी ही कला मानली, तर सामान्य माणूस तिच्यात नेमके काय शोधतो आणि मग तिच्यात कला म्हणावी असे काय उरते. सांगलीत मी बरीच वर्षे फोटो स्टुडिओ चालवतो. या प्रश्नाचे माझे उत्तर २०१९ च्या महापुराने बदलले, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाद्या, धान्य, फ्रिज, टीव्ही असे सगळे रस्त्यावर आणून टाकले. फोटो मात्र कोणी टाकले नाहीत, चिखलाने माखलेले अल्बम पिशवीत घालून ते स्टुडिओत घेऊन येत राहिले. प्रतिमा असते ती कागदावरच्या जिलेटीनच्या थरात. तो थर पाण्याने फुगतो आणि तसाच सुकला, तर शेजारच्या फोटोला किंवा तसबिरीच्या काचेला घट्ट चिकटतो. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो की फोटो उन्हात वाळवू नका, स्वच्छ थंड पाण्यात ठेवा आणि हलक्या हाताने सुटे झाले की सावलीत, चित्राची बाजू वर करून पसरा. जे काचेला चिकटून सुकलेच होते, ते न ओढता काचेसकट स्कॅन करणे एवढेच आमच्या हाती होते.

अशीच एक तसबीर घेऊन नदीकाठच्या गावातले सत्तरीचे एक गृहस्थ आले. पटका बांधून खुर्चीत ताठ बसलेले त्यांचे वडील, मागे रंगवलेला पडदा, आणि चेहऱ्याची डावी बाजू डागाखाली पार विरघळून गेलेली. मी दोन दिवस बसून टचिंग केले, शाबूत असलेली उजवी बाजू उलटवून डावीकडे बेमालूम बसवली, आणि माझे मला ते काम फार आवडले होते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "झालाय झकास, पण ह्ये आमचं अण्णा न्हाईत. अण्णांचा डावा डोळा बारीक हुता, बैलाचं शिंग लागलं हुतं." डाग आहे तसाच ठेवून दुसरी प्रत काढून द्या, असे त्यांनी सांगितले.

एखाद्या चित्रकाराने अण्णा अधिक देखणे काढले असते, कदाचित अधिक हुबेहूबही. पण त्या दिवशी अण्णांच्या अंगावर पडून परतलेला उजेडच फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांपर्यंत पोहोचला होता. माणूस समोर नसता तर ती खूण उमटलीच नसती. माझ्या मते लोकांना मुख्यतः ही खूण हवी असते, आणि सौंदर्य, मांडणी, रंग यांचा विचार त्यानंतर येतो.

ही ओढ फोटोग्राफीइतकीच जुनी असावी. फोटोग्राफीची एक सुरुवातीची पद्धत शोधणाऱ्या फ्रान्सच्या दागेरने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील एका रस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत असल्याने चालती माणसे आणि गाड्या त्यात आल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी उभा राहिलेला एक अनोळखी माणूस तेवढा ठळक आला. एरवी आपण थांबला तो संपला म्हणतो, त्या फोटोत थांबला तोच राहिला. आजही तो पाहताना नजर इमारतींवर ठरत नाही, त्या माणसाकडे जाते.

साताऱ्याच्या कास पठारावर फुलांकडे पाठ करून फोटो काढणाऱ्यांना नावे ठेवली जातात, तेही मला पटत नाही. (फुले तुडवणे ही गोष्ट वेगळी, ते वाईटच.) तेथल्या फुलांचे उत्तम फोटो हवे तितके मिळतात, तरीही अनेक वर्षांनी एकदा टोपली कारवी फुलते तेव्हा विट्याहून आलेली मुलगी त्या जांभळ्या उतारापुढे आपल्या आईला उभी करते, कारण त्या विकतच्या फोटोंत तिची आई नसते.

राहिला प्रश्न कलेचा. अण्णांचा फोटो कोणी काढला हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नाही. स्टुडिओत अधू डोळा असेल तर चेहरा थोडा वळवून ती बाजू सावलीत घेण्याची रीत आहे, आणि ती आम्हा सर्वांना येते. त्या छायाचित्रकाराने ते केले नाही, त्याने अण्णांना समोर पाहू दिले, आणि त्यामुळेच पुरापर्यंत तो बारीक डोळा घरच्या भिंतीवरून सर्वांना दिसत राहिला. मी त्याला कलावंत मानतो.

आता टचिंगला बसण्यापूर्वी मी गिऱ्हाइकाला विचारतो की यातले काय तसेच ठेवायचे. कोणी हनुवटीवरचा व्रण सांगतो, कोणी पुढचा पडलेला दात, आणि परवा एका बाईंनी सासऱ्यांच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेल्या दोऱ्यावर बोट ठेवले.