सत्तरीकडे झुकताना लायसन्सचं नूतनीकरण

प्रश्न : माझं वय ६७. कारचं लायसन्स दोन महिन्यांनी संपतंय. ते जुनं, पुस्तकाच्या स्वरूपातलं आहे. पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागेल का? किती वर्षांसाठी मिळेल? नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : चाचणी द्यावी लागणार नाही. मुदत संपून वर्ष उलटलं तरच ती द्यावी लागते. पंचावन्नीनंतर नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं आणि ही पाच वर्षं नूतनीकरणाच्या तारखेपासून मोजतात. अर्ज वर्षभर आधी करता येतो, पण तेवढी घाई केलीत तर उरलेले महिने वाया जातात. दोन महिने आधी ही अगदी योग्य वेळ आहे. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असायची, ती मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने गेली. संपलेल्या लायसन्सवर एक दिवसही गाडी काढू नका. दंड तर आहेच, शिवाय अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

खरी अडचण तुमच्या पुस्तकाची आहे. 'सारथी' या सरकारच्या लायसन्सविषयक पोर्टलवर लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाकून बघा. नोंद सापडली नाही, तर ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथे पुस्तक नेऊन आधी 'बॅकलॉग एंट्री', म्हणजे जुन्या लायसन्सची संगणकात नोंद, करून घ्यावी लागेल. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. हे काम आजच सुरू करा.

नोंद असेल, तर आधार ओटीपीने घरबसल्या अर्ज होतो. मात्र आधारवर नुसतं जन्मवर्ष असेल किंवा नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तर आधी आधार दुरुस्त करा. चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १ए, लागतंच. त्यात लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का, हे सगळं विचारलेलं असतं. आणि २५ मीटरवरून, चांगल्या उजेडात, नंबरप्लेट वाचता येते का, हेही.

ही शेवटची परीक्षा डॉक्टरांकडे जाण्याआधी सोसायटीच्या आवारात स्वतःच घ्या. साधारण ३५ पावलं मागे जा, चष्मा लावा आणि उभ्या असलेल्या गाडीचा नंबर वाचा. आठ आणि तीन यांत गोंधळ झाला, तर आधी नेत्रतज्ज्ञांना गाठा. ऑपरेशननंतर चष्म्याचा नंबर बदलतो, तो स्थिरावल्यावर नवा चष्मा करून मगच फॉर्म भरून घ्या. न तपासता सही करणारे डॉक्टर भेटतील. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.