जुनी क्लासिक गाडी रिस्टोअर करायला घेतली, पण अर्ध्यातच उत्साह मावळला. काम तडीस कसं न्यावं?

बहुतेक गाड्या अडकतात त्या पूर्ण खोलून झाल्यावर. खोलणं झपाट्याने होतं, जोडणं महिनोन्‌महिने चालतं आणि समोर नुसता सुट्या भागांचा पसारा दिसतो. म्हणून एका वेळी एकच काम घ्या. ते संपेपर्यंत दुसरीकडे पाना लावू नका.

माझा आग्रह असा की रंगाचं नंतर बघा, आधी इंजिन. वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन थेट स्टार्टरने फिरवू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या आणि मग पान्याने क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, हळूहळू फिरवून बघा. टाकीतलं शिळं पेट्रोल काढून टाका, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करा. इंजिन एकदा धडधडलं की पुढची घासकामंसुद्धा जड जात नाहीत, हे अगदी खात्रीने सांगतो. त्यानंतर गाडीच्या ब्रेकचं काम घ्या.

काढण्याआधी फोटो, काढलेले नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. काही महिन्यांनी "हा बोल्ट कुठला?" म्हणत बसण्यात जेवढा हुरूप जातो, तेवढा गंज काढतानाही जात नाही.

क्रोमचं काम, म्हणजे बंपरसारख्या भागांवरचा चकचकीत मुलामा, सरळ बाहेर द्या. मन लागत नसेल त्या दिवशी फक्त दरवाजाचं एखादं बिजागर साफ करून ग्रीस लावा, बास. आणि एखाद्या पार्टपायी सगळं काम थांबवू नका. त्याच मॉडेलच्या मालकांकडे विचारा, अडगळीत पडलेला पार्ट बऱ्याचदा त्यांच्याकडेच निघतो.