हाताने पत्र लिहिण्याला आता काही अर्थ उरला आहे का?

निरोप क्षणात पोहोचत असताना हाताने पत्र लिहिण्यात काही अर्थ उरला आहे का, आणि लिहायचेच झाले तर सुरुवात कशी करावी, असे आपण विचारले आहे. अर्थ आहे. मात्र ‘हाताने लिहिलेले डोक्यात पक्के बसते’ हा नेहमीचा युक्तिवाद मी करणार नाही. त्यासाठी २०१४ सालचा अमेरिकेतील एक प्रयोग सतत पुढे केला जातो. लॅपटॉपवर टिपणे घेणाऱ्यांपेक्षा हाताने घेणाऱ्या विद्यार्थ्यांना विषय अधिक समजल्याचे त्यात दिसले होते, परंतु इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक राहिला नाही. शिवाय तो व्याख्यानाच्या टिपणांचा प्रयोग होता. पत्राचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे आणि ते मला फार उशिरा कळले.

मी नोकरीसाठी घर सोडले तेव्हापासून वडील मला नियमाने पत्र लिहीत. ती सगळी पत्रे पाकिटांसकट एका पेटीत होती. पुढे घर बदलताना ती पेटी मी थोरल्या भावाकडे ठेवली. दादाने एका सुट्टीत बसून प्रत्येक पत्र स्कॅन केले, फाइलींना क्रमांक दिले आणि मूळ कागद पाकिटांसह रद्दीत घातले. मी हबकलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मजकूर तर सगळा आहे ना? एक अक्षरही गेलेले नाही.” त्याचा हेतू चांगला होता आणि मेहनतही खरी होती, म्हणूनच मला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही.

काही वर्षांनी एका जुन्या शब्दकोशात खूण म्हणून ठेवलेले एका पत्राचे पहिले पान सापडले. दादाकडे पेटी देण्यापूर्वीच ते त्यात राहून गेले असावे, पण त्याच पत्राचे दुसरे पान दादाच्या फाइलींत होते, म्हणजे ते पेटीत होते आणि पहिले माझ्याकडे. दुसऱ्या पानावर, स्कॅनमध्ये, एका ओळीच्या जागी केवळ काळा पट्टा दिसतो, कारण फाइल लहान व्हावी म्हणून त्याने सगळे निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेतले होते. तसाच एक खोडलेला भाग माझ्याकडच्या पानावरही होता. वडील बॉलपेन दाबून लिहीत. कागद उलटा करून बोट फिरवले तर अक्षरांचे उंचवटे हाताला लागत. टेबलावरचा दिवा मी कागदाच्या कडेशी आडवा धरला, तेव्हा खोडलेल्या रेघांखालून अक्षरांच्या चरी वर आल्या. त्यांनी आधी लिहिले होते, ‘आता परत ये.’ ते तीन-चार वेळा गिरवून खोडले होते आणि वर बारीक अक्षरात लिहिले होते, ‘सवडीने ये.’

वडील मला कधीच ‘परत ये’ म्हणाले नाहीत, असे मी आयुष्यभर धरून चाललो होतो. त्यांनी ते म्हटले होते, मग माझी अडचण ओळखून मागे घेतले होते, आणि हे दोन्ही त्या एका ओळीत होते. टाइप केलेल्या संदेशात खोडलेले वाक्य उरतच नाही. दुसऱ्या पानावरच्या काळ्या पट्ट्याखाली काय होते, ते आता कोणालाही कळणार नाही.

गेल्या वर्षी दादाने मला एक बातमी पाठवली: २०२५च्या अखेरीस डेन्मार्कमधील सरकारी मालकीची टपाल कंपनी पत्रवाटप थांबवत आहे, १६२४ पासून चालत आलेली सेवा संपते आहे, कारण २००० सालानंतर तिथली पत्रे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. त्याच्या दृष्टीने वाद तिथे मिटला. तिथली पत्रे आता खासगी कंपनीमार्फत जातात, हा भाग त्याने सांगितला नाही. मी त्याला उत्तरादाखल दुसऱ्या दोन भावांची गोष्ट लिहिली. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने धाकट्या थिओला लिहिलेली सुमारे ६५० पत्रे आज उपलब्ध आहेत, कारण थिओने ती जपली आणि दोघांच्या मृत्यूनंतर थिओच्या पत्नीने, योहानाने, १९१४ मध्ये ती प्रकाशित केली. थिओने व्हिन्सेंटला लिहिलेली मात्र चाळीसच्या आसपासच उरली आहेत. एका भावाचा आवाज आपल्याला भरभरून ऐकू येतो आणि दुसऱ्याचा जवळजवळ नाही. कागद कोणी ठेवला, एवढ्यावर ते ठरले.

आता सुरुवातीविषयी. मायन्यावर अडून राहू नका. ज्या माणसाला फोनवर सांगायला जीभ रेटत नाही, त्यालाच पहिले पत्र लिहा आणि मधूनच सुरू करा. कच्चा खर्डा करून सुवाच्य नक्कल पाठवण्याचा मोह टाळा, खोडलेले तसेच राहू द्या. शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची घ्या, कारण बॉलपेनच्या बऱ्याच शाया उजेडात विटतात. साध्या लगद्याचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून आम्लविरहित कागद मिळाल्यास उत्तम.

तातडीचे काम असेल तर फोनच करावा, हे सांगायला नको. ज्यांचे हात थरथरतात त्यांना पत्राचा आग्रह धरणे क्रूरपणाचे आहे. स्कॅनलाही माझा विरोध नाही. रंगीत आणि बारकाईने केलेली प्रत जरूर असावी, फक्त मूळ कागद टाकू नये.

आणि तारखेत वर्ष घाला, पाकीटही ठेवा. वडील फक्त दिवस आणि महिना लिहीत. वर्ष टपालाच्या शिक्क्यावर असे आणि तो शिक्का पाकिटाबरोबर गेला. त्यामुळे ‘आता परत ये’ हे वडिलांचे आणि माझे बिनसण्याआधीचे आहे की नंतरचे, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.